वैमानिकांचा कौल

संप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येते ती बंद पडलेली गिरणी आणि फाटकाशी घोषणा देणारा जमाव. खांद्यावर सोनेरी पट्टे मिरवणारा वैमानिक त्या चित्रात सहसा बसत नाही. पण वैमानिकही शेवटी पगारदार नोकर. त्याचीही संघटना असते, आणि मालकाशी बोलणी फिसकटली की संपाचा प्रश्न त्याच्याही पुढे उभा राहतो. ऑस्ट्रेलियातील वैमानिकांपुढे तो दोनदा मोठ्या निकराने उभा राहिला, १९८९ साली आणि पुन्हा २०११ साली. पहिल्या वेळी त्यांच्याजवळ एकजूट होती, पण कायद्याचे छत्र नव्हते. दुसऱ्या वेळी मतदान करून त्यांनी ते छत्र मिळवले. ते कितपत पुरले, तीच हकिकत आज सांगायची आहे.

ऑस्ट्रेलिया हा लवादाचा देश. मालक-मजुरांचे तंटे लवादाने सोडवावेत असा कायदा तिथे १९०४ सालीच झाला, आणि लवाद आहे तर संप कशाला, म्हणून त्याच कायद्याने संपावर बंदीही घातली. पुढे ती थेट बंदी उठली. पण संपाचा हक्क म्हणून काही मिळाला नाही. इंग्रजी वहिवाटीचा जुना नियम कायमच राहिला. तो असा, की कामगारांना नोकरीचा करार मोडायला लावणारी संघटना नुकसानभरपाईला पात्र. संप व्हायचे, नाही असे नाही, भरपूर व्हायचे. मालक सहसा कोर्टाची पायरी चढत नसत, एवढेच. म्हणजे हक्क नव्हता, होता तो काणाडोळा.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये तो काणाडोळा संपला. देशांतर्गत विमाने चालवणाऱ्या वैमानिकांच्या संघटनेने २९.४७ टक्के पगारवाढ मागितली. पंतप्रधान होते बॉब हॉक, एके काळी देशातील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाचे अध्यक्ष! पण त्यांच्या सरकारने संघटनांशी समझोता करून पगारवाढीला बांध घातला होता. वैमानिकांसाठी तो फोडला तर उद्या सारेच रांगेत उभे राहणार. सरकार हटेना. तेव्हा १८ ऑगस्टपासून वैमानिकांनी ठरवले, आम्ही कचेरीतल्या कारकुनासारखे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एवढेच उडू. ऐकायला किती साधे! पण पहाटेच्या आणि रात्रीच्या फेऱ्या गेल्या की विमान कंपनीचे सारे वेळापत्रकच कोसळते.

कंपन्यांनी दावे लावले, आणि तेही केवळ संघटनेवर नव्हे, एकेका वैमानिकावर. राहते घर जाते की काय, ही धास्ती घरोघर शिरली. २४ ऑगस्टला सोळाशेंहून अधिक वैमानिकांनी एकदम राजीनामे दिले. नोकरीच नाही तर करारभंग कसला, असा हिशेब. माझ्या मते ही चाल हताशपणाची होती. मालकाला मोकळ्या जागाच हव्या होत्या. त्या आयत्या मिळाल्या. हवाई दलाची विमाने प्रवासी नेऊ लागली, परदेशांतून विमाने आणि वैमानिक आले. नोव्हेंबरात व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ ते पाचचा बेतच बेकायदा ठरवला. संघटनेवर साठ लाख डॉलरांहून अधिक भरपाई बसली. १९९० उजाडल्यावर तंटा विझला. कित्येकांना आपली जुनी खुर्ची पुन्हा मिळाली नाही. परक्या देशांत जाऊन त्यांनी पोट भरले.

१९९३ च्या सुधारणेने ऑस्ट्रेलियन कामगाराला प्रथमच संपाचा मर्यादित हक्क दिला. नव्या कराराची बोलणी चालू असताना, रीतसर नोटीस देऊन केलेल्या संपाबद्दल कोर्टात खेचता येणार नाही, असे ठरले. पुढे २००६ पासून गुप्त मतदानाची अट आली, ती २००९ च्या कायद्यातही राहिली. मतदानासाठी आधी लवादाची परवानगी. ती मिळायला संघटना खऱ्या मनाने बोलणी करते आहे हे दाखवायचे. मतदान सामान्यतः निवडणूक आयोगाकडून. यादीतील निम्म्यांनी तरी मत द्यायचे, दिलेल्या मतांत निम्म्यांहून अधिक अनुकूल हवीत. शिवाय नेमके काय करणार ते मतपत्रिकेवर लिहायचे. नुसता ‘संप’ म्हणून चालत नाही. (ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना कायद्यातही मान्यताप्राप्त संघटनेने संपाच्या नोटिशीपूर्वी सभासदांच्या बहुमताचा कौल घेतला नाही, तर संप बेकायदा ठरतो.) ही अट घालणाऱ्यांना लगाम हवा होता. पण लगाम हाताशी असला म्हणजे घोडा हवा तिकडे वळवताही येतो.

२०११ साली क्वांटास कंपनीच्या लांब पल्ल्याच्या वैमानिकांची भीती पगाराची नव्हती. काम हळूहळू स्वस्त उपकंपन्यांकडे जाईल ही होती. क्वांटासच्या नावाने उडणारे विमान क्वांटासच्याच अटींवरच्या वैमानिकाने चालवावे, अशी त्यांची मागणी. जुलैत कौल घेतला, तो प्रचंड बहुमताने अनुकूल आला. आणि त्यांनी केले काय? गणवेशाचा टाय काढून लाल टाय बांधला, आणि उड्डाणात प्रवाशांना आपली बाजू ध्वनिक्षेपकावरून ऐकवली. एकही फेरी त्यांनी रद्द केली नाही. टायसाठी मतदान, हे ऐकून हसू येईल. पण गणवेश हा मालकाचा हुकूम, आणि हुकूम मोडणे म्हणजे करार मोडणे. १९८९ ची आठवण असलेली माणसे टायसुद्धा कायद्याला विचारूनच बदलणार!

इंजिनियर आणि विमानतळावरचे हमाल यांचेही तंटे त्याच वेळी चालू होते. २९ ऑक्टोबरला कंपनीचे प्रमुख अ‍ॅलन जॉइस यांनी सगळा ताफाच जमिनीवर बसवला आणि तिन्ही संघटनांना टाळेबंदीची नोटीस दिली. हजारो प्रवासी जगभर अडकले. या टाळेबंदीला मतदान लागत नव्हते. कायद्याने मालकाला ते मागितलेच नव्हते.

सरकार लवादाकडे धावले. रात्रभर चाललेल्या सुनावणीनंतर ३१ ऑक्टोबरच्या पहाटे निकाल आला. लवादाने म्हटले, संघटनांच्या कृतींनी पर्यटनाला किंवा विमान वाहतुकीला मोठा धोका पोचण्याचा संभव नाही. धोका आहे तो टाळेबंदीचा. तरीही थांबवले ते दोन्ही बाजूंना. संघटना तात्पुरती स्थगिती मागत होत्या, म्हणजे मतदानाने मिळालेला हक्क शाबूत राहिला असता. लवादाने तो कायमचा संपवला. बोलण्यांसाठी एकवीस दिवस दिले. त्यांत जमले नाही, आणि करार लवादाच्या हाती गेला. वैमानिकांनी फेडरल कोर्टात दाद मागितली, ती २०१२ साली फेटाळली गेली. लाल टाय तोवर पेटीत गेले होते. मात्र या वेळी टाय बांधल्याबद्दल एकाही वैमानिकाच्या घरी भरपाईचा दावा आला नाही.