वर विस्तव, खाली विस्तव

केक ही वस्तू आपल्याकडे साहेबाबरोबर आली, हे खरे; पण तो भाजायला साहेबाचीच भट्टी लागते, ही समजूत मात्र खरी नाही. दिवाळीच्या फराळात केकचे पुराण कशाला, असे एखाद्या आजीबाई विचारतील. त्यांना मी एवढेच सांगेन की, दिवाळीच्या आधी आठ दिवस सातारा-सांगलीकडच्या किती तरी घरांतून नानकटाईचे साहित्य डब्यात भरून बेकरीकडे जाते, भाजण्याचे पैसे मोजले जातात आणि गरम नानकटाई घरी येते. म्हणजे पीठ आपले, तूप आपले, हात आपले. परका फक्त विस्तव. या परक्या विस्तवाची गोष्ट मला सांगायची आहे.

सातारा आणि सांगली ही नावे मी मुद्दाम जोडून घेते. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. नकाशावर रेघ पडली, पण कृष्णाकाठची चूल काही दोन झाली नाही.

या चुलीशी बेकरीचा संबंध पूर्वी फारसा गोडीचा नव्हता. पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आलेला. पाव-बिस्किटाने माणूस बाटतो, असे समजणाऱ्यांची संख्या मोठी होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली आणि त्यावरून केवढे ग्रामण्य माजले! रानडे-टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. थोरामोठ्यांची ही अवस्था, तर खेड्यातल्या सुनेने बेकरीची पायरी कशी चढावी? बरे, केकमध्ये अंडे. तेव्हा सोवळ्याच्या स्वयंपाकघराला त्याचे दार दोन्हीकडून बंद होते.

पण भाजणे म्हणजे काय, हे त्या सुनेला कोणी शिकवायला नको होते. कोकणात काकडीचे धोंडस करतात. काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ जाड बुडाच्या पातेल्यात घालायचा, पातेले मंद आचेवर ठेवायचे आणि वरच्या झाकणीवर निखारे पसरायचे. खालून विस्तव, वरून विस्तव! गोव्यातली बेबिंका याच न्यायाने होते. तिच्या एकेका थराला वरच्या निखाऱ्यांची धग लागते. घाटावर चंपाषष्ठीला खंडोबापुढे वांग्याचे भरीत आणि रोडगा ठेवतात. तो रोडगाही गोवऱ्यांच्या आरात भाजण्याची जुनी रीत. भट्टी म्हणून वेगळी खोली नव्हती, लोखंडी दार नव्हते. पण चारी बाजूंनी कोरडी उष्णता देण्याची युक्ती होती. तिला कोणी शास्त्र म्हटले नाही, कारण ती बायकांच्या हातात होती.

मग बेकरीने नवीन असे काय आणले? मैदा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडापेस्टच्या गिरण्यांनी पोलादी रुळांखाली गहू दळून कोंडा आणि अंकुर वेगळा काढण्याची पद्धत गाजवली आणि पांढरेशुभ्र पीठ स्वस्त झाले. पांढरे ते श्रीमंतांचे, तांबूस ते गरिबांचे, हा जगभरचा जुना समज. आपल्याकडेही तो रुजला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांना सुकडी वाटली जाई. गहू आणि गूळ यांचाच तो पदार्थ. ज्यांनी ती पोटासाठी खाल्ली, त्यांना पुढे घरात पांढरा, फुगलेला, अंगावर लोणी ल्यालेला केक आणावासा वाटला, तर त्यांना कोणत्या तोंडाने नावे ठेवायची? मी तरी ठेवणार नाही.

आज वारे उलटे फिरले आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे बेळगाव या पट्ट्यात पिकणारा खपली गहू आता शहरांतल्या दुकानांत साध्या गव्हापेक्षा महाग मिळतो. याचे टरफल दाण्याला घट्ट चिकटलेले असते, मळणीत सुटत नाही. ते काढायला कांडण करावे लागते. म्हणून नाव खपली. इतके कष्ट कोण घेणार, म्हणून त्याची शेते आटली. आपण मात्र त्याला खिरीपुरते ओळखत राहिलो. याची चिकटी साध्या गव्हाहून कमकुवत, म्हणून पावाला तो तितकासा उपयोगी नाही. पण केकला चिकटी नकोच असते! तेव्हा सुनेच्या युक्तीला आपलाच गहू लाभला, असे म्हणायला हरकत नाही.

अंड्याची अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८४३ मध्ये बेकिंग पावडर सिद्ध केली. आंबट आणि खार एकत्र आले की वायू सुटतो, हेच त्यामागचे तत्त्व. आपल्या घरात आंबट म्हणजे दही आणि खार म्हणजे खाण्याचा सोडा. दुकानाची वाट धरायचे कारण नाही.

याच मुलुखातल्या कुंडलच्या कमलाबाई ओगले यांनी १९७० साली ‘रुचिरा’ लिहून वाटी-चमच्याच्या मापाला छापील प्रतिष्ठा दिली. म्हणून मीही वाटीनेच सांगते. दोन वाट्या खपलीची किंवा साधी कणीक, एक वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी तूप, एक वाटी दही आणि लागेल तसे दूध. गूळ दह्यात विरघळवून त्यात तूप आणि कणीक मिसळा आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवा. कोंडा पाणी पितो. त्याला वेळ दिला नाही, तर केक कोरडा होतो. शेवटी सपाट पाऊण चमचा सोडा घालून लगेच तुपाचा हात लावलेल्या डब्यात ओता. लोखंडी कढईत दोन बोटे स्वच्छ वाळू, वर कडे, त्यावर डबा आणि घट्ट झाकण. वाळू आधी दहा मिनिटे तापवावी, मग मंद आचेवर पाऊण तास. कल्हईच्या भांड्यात हा उद्योग करू नये. कथील २३२ अंशांना वितळते आणि कोरड्या भांड्याला तिथवर जायला वेळ लागत नाही. झाकणीवर निखारे ठेवण्याची सोय असेल, तर पाठीला तांबूस रंग येतो. गॅसवर तो येणार नाही. त्याचे दुःख करू नये.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. गूळ घातला म्हणून हा केक मधुमेह्याला मोकळा झाला, असे कोणी समजू नये. गूळ ही साखरेचीच बहीण. या केकमध्ये गुण आहे तो कोंड्याचा.

भाजल्या दिवशी हा केक जरा रवाळ लागतो आणि कापताना चुरा पडतो. तो फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवावा; सकाळपर्यंत गूळ मुरतो आणि सुरी नीट फिरते.