चिठ्ठीविना घेतलेल्या गोळीचा करइतिहास

मार्चअखेर जवळ आली की कपाटातून औषधांची जुनी बिले शोधणारे वडील अनेकांना आठवत असतील. पगारदारांना मिळणारी वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची ती सवलत २०१८च्या अर्थसंकल्पाने प्रमाणित वजावटीत विलीन केली. अमेरिकेत मात्र औषधांच्या बिलांचा हा वाद कितीतरी जुना आहे आणि अद्याप मिटलेला नाही. आजचा धागा त्याविषयी.

१९४२ साली युद्धखर्चासाठी प्राप्तिकराचे जाळे सामान्य नोकरदारापर्यंत पसरले. त्याच कायद्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपलीकडील वैद्यकीय खर्च वजा करण्याची मुभा दिली. १९५४च्या करसंहितेखालील नियमांनी औषधाची व्याख्या केली, ती उदार होती: कायदेशीररीत्या मिळवलेले आणि सर्वसाधारणपणे औषध मानले जाणारे, मग त्यास डॉक्टरांची चिठ्ठी लागो वा न लागो. टूथपेस्ट, दाढीचे क्रीम, चेहऱ्याची प्रसाधने तेवढी वगळली. औषधखर्च उत्पन्नाच्या १ टक्क्याहून अधिक झाला तरच तो हिशेबात येई, हे खरे. पण ऍस्पिरिन औषधच होती.

१९८२च्या करकायद्याने ही व्याख्या आखडली. सरकारला महसूल हवा होता. १९८४पासून केवळ चिठ्ठीची औषधे आणि इन्सुलिन एवढेच उरले. इन्सुलिनचा स्वतंत्र उल्लेख बोलका आहे: चिठ्ठीची अट रोगाच्या गांभीर्याचे माप नव्हे, हे कायदा करणारेही जाणून होते!

या अटीचा कडेलोट २००३च्या एका अधिकृत निर्णयात दिसतो. पायाला इजा झालेला मधुमेही करदाता कल्पून कर खात्याने उत्तर दिले: विनाचिठ्ठी घेतलेल्या कुबड्या, पट्ट्या, रक्तशर्करा तपासणीचा संच यांचा खर्च ग्राह्य, डॉक्टरांनी सुचवलेली ऍस्पिरिन अग्राह्य. कारण कुबडी हे ‘औषध’ नाही, म्हणून तिला औषधाची अट लागू नाही. तर्क निर्दोष, आणि तरीही विचित्र.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या निर्णयाने मालकामार्फत चालणाऱ्या करमुक्त आरोग्यखर्च खात्यांतून हीच गोळी घेण्यास परवानगी दिली. म्हणजे गोळी तीच, रोगी तोच. फरक मालकाने खाते दिले की नाही याचा. मला या इतिहासातील खरा अन्याय येथे दिसतो. २०११पासून त्या खात्यांनाही चिठ्ठीची अट लागली, तेव्हा साध्या खोकल्याच्या औषधासाठी डॉक्टरांचे दार ठोठावणे आले. मार्च २०२०मध्ये, कोविडकाळातील मदत कायद्याने ती अट काढली आणि मासिक पाळीची साधनेही प्रथमच या खात्यांच्या यादीत आणली.

वार्षिक विवरणपत्रात वजावट मागणाऱ्याची ऍस्पिरिन मात्र १९८४च्या रेषेबाहेरच आहे.