बंदुकीची कुळकथा



आपल्याकडे जमीन घ्यायची झाली, तर माणूस आधी सातबारा काढतो. फेरफार पाहतो, चतुःसीमा विचारतो. बैल घ्यायचा झाला तर दात मोजतो, दोन पावले चालवून बघतो आणि मग हळूच शेजाऱ्याला विचारतो, "हा बैल मूळचा कुणाचा हो?" मुलगी द्यायची झाली, तर घराण्याची चौकशी पार आजोळापर्यंत जाते. मग वापरलेली बंदूक घ्यायची झाली तर? तिचे कूळ कोणी विचारायचे, आणि कोणाला?

प्रश्न वाटतो तितका लांबचा नाही. वसई तालुक्याच्या पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर आणि रान, पश्चिमेला आगाशी-अर्नाळ्यापर्यंत केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या. जुन्या बागायतदारांच्या घरी एखादी बंदूक असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. समजा, पारोळ-शिरसाडच्या बाजूला कुणी ओळखीचा गृहस्थ येऊन म्हणाला, "दादा, बारा बोराची आहे, दोन नळ्यांची. म्हाताऱ्याची होती. कमी पैशांत देतो, कागद मागाहून पाहू." आता किंमत कमी का, हा पहिला प्रश्न. आणि 'कागद मागाहून' हे शब्द ऐकले की शहाण्याने तिथेच थांबावे. पण का थांबावे, हे नीट समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो. आज तोच पाहू.

हत्यार एका हातातून दुसऱ्या हातात जाणे वसईला नवे नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकून घेतली. दोनशे पाच वर्षांची सत्ता गेली आणि किल्ल्यातले बरेच सामान नव्या धन्याकडे आले. त्यात चर्चच्या घंटाही होत्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा टांगलेली आहे, ती वसईच्या मोहिमेची आठवण. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. अशाच घंटा वाईजवळ मेणवलीला आणि भीमाशंकरलाही पाहायला मिळतात. गंमत पाहा, घंटा देवळात गेली, तिचा नाद आरतीच्या वेळी घुमू लागला, पण अंगावर कोरलेले साल काही पुसले गेले नाही. ती कोठून आली हे ती स्वतःच सांगते. धातूवर कोरलेली खूण माणसांच्या आठवणीपेक्षा जास्त टिकते. आजच्या विषयाचे बीज इथेच आहे.

अर्थात, युद्धातली लूट आणि घरातली चोरी यांत फरक आहे. लूट चारचौघांत मिरवली जाते, चोरी लपवावी लागते. म्हणून चोर पहिल्यांदा खुणेवर कानस चालवतो.

बंदुकीवर खूण उमटवण्याची रीत युरोपात जुनी आहे. इंग्लंडात लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षाघर १८१३ साली निघाले. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढीत. नळी टिकली, तर तिच्यावर छाप मारीत. फुटली, तर भंगारात. तो छाप म्हणजे 'ही नळी बार सोसते' एवढीच ग्वाही. पुढे कारखान्यांत एकासारखे एक हजारो नग निघू लागले, तेव्हा प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक द्यावा लागला. छाप सांगतो बंदूक मजबूत आहे की नाही. क्रमांक सांगतो ती नेमकी कोणती. आपल्याला काम आहे ते या क्रमांकाशी.

या क्रमांकाची करामत हिंदुस्थानने १९१४ साली पाहिली. कलकत्त्याला रोडा आणि कंपनी नावाची हत्यारांची व्यापारी पेढी होती. २६ ऑगस्ट १९१४ रोजी तिच्या कारकुनाने जकात कचेरीतून मालाच्या २०२ पेट्या सोडवल्या, पण पेढीच्या वखारीत पोचल्या फक्त १९२. उरलेल्या आणतो म्हणून कारकून जो गेला तो परत आलाच नाही. तीन दिवसांनी पोलिसांत वर्दी गेली. गेलेल्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. ती बंगालच्या क्रांतिकारकांनी नेली होती. मात्र प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि पेढीच्या वहीत त्याची नोंद होती. त्यामुळे पुढे बंगालात कुठे धाड पडली आणि पिस्तूल हाती लागले, की क्रमांक वहीशी ताडून पाहत आणि ते त्या पन्नासांतले आहे की नाही हे कळे. १९१८ साली रौलट समितीचा अहवाल निघाला, तोपर्यंत एकतीस पिस्तुले अशी परत मिळाली होती.

आपली सहानुभूती अर्थातच त्या तरुणांकडे आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरीही गोष्ट टिपून ठेवावी. चार वर्षे, कितीएक हात आणि कितीएक गावे ओलांडून गेलेल्या वस्तूची ओळख एका वहीतल्या ओळीने पटवली. वहीत नोंद नसती, तर त्या पिस्तुलांना आगापिछा उरला नसता.

ही वही त्या वेळी सरकारच्या हातातले शस्त्र होती, हेही खरेच. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घेतली, १८६० साली कायदा केला आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत तो अधिक कडक केला. त्यात परवान्याची सक्ती हिंदी माणसाला होती, युरोपियनाला सूट होती. वाघ-बिबट्याच्या तोंडी असलेल्या शेतकऱ्याने अर्ज करीत बसावे आणि शिकारीच्या हौशी साहेबाने खुशाल बंदूक खांद्याला लावावी, हा अन्याय लोकांना झोंबला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. १९३१ च्या कराची काँग्रेसने नागरिकांच्या मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. 'नियमांच्या अधीन' हे शब्द तेव्हाही विसरले गेले नव्हते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

स्वराज्य आले आणि सहा महिन्यांच्या आत या नियमांची गरज का असते, ते फार दुःखद रीतीने दिसले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्माजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते पिस्तूल इटलीत बनलेले बेरेटा होते. त्याचा क्रमांक ६०६८२४. अवघ्या दोन-तीन दिवसांपूर्वी ते ग्वाल्हेरात खाजगी रीतीने, हातोहात मिळवले, असे खटल्यात सरकार पक्षाने मांडले. क्रमांक स्पष्ट होता, वस्तू कोर्टापुढे होती. पण ती कोणाकोणाच्या हातून गेली, ती साखळी कागदावर नव्हती. ती माणसांच्या जबान्यांवर उभी करावी लागली. ग्वाल्हेरच्या एका आरोपीला खालच्या कोर्टाने दोषी धरले होते, तो १९४९ साली अपिलात सुटला. क्रमांक असून भागत नाही. प्रत्येक हस्तांतराची नोंद लागते, हा त्यातला धडा.

मग आपल्या संसदेने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि पुढच्या दुरुस्त्यांसह आजही तोच चालतो. त्यातली आठ क्रमांकाची कलम प्रत्येक खरेदीदाराने समजून घ्यावी. बंदुकीवरचे कारखानदाराचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण खोडणे, बदलणे, बनावट करणे हा गुन्हा. अशी खूण नसलेली बंदूक विकणेही मना. आणि पुढचे वाक्य तर फारच महत्त्वाचे आहे. खोडलेल्या क्रमांकाची बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच तो क्रमांक खोडला असे कायदा धरून चालतो. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. पाहा हं, कानस चालवली तिसऱ्याने, पैसे मोजले तुम्ही, आणि निर्दोषपण सिद्ध करायची पाळीही तुमच्यावर!

त्याशिवाय चोरीच्या मालाचा कायदा आहेच. माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानायला कारण असून तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फार कमी किंमत आणि 'कागद मागाहून' हे बोलणे, ही दोन्ही 'मानायला कारण' ठरू शकतात. समजा, तुम्ही अगदी भोळेपणाने घेतली, तरी ती तुमची होत नाही. १९३० चा मालविक्रीचा कायदा सांगतो, की विकणाऱ्याजवळ जो हक्क नाही तो तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. बंदूक मूळ मालकाची राहते, आणि तुमचे पैसे बुडतात. बिनपरवाना बंदूक बाळगली, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून किमान दोन वर्षांची आणि पाच वर्षांपर्यंतची कैद आहे.

तर मग रीतसर घ्यायची कशी? ओळीने सांगतो.

पहिली गोष्ट, आधी आपला परवाना. तो हाती नसताना बंदूक घरी आणायची नाही, 'बघायला म्हणून' दोन दिवस ठेवायचीही नाही.

दुसरी गोष्ट, विकणाऱ्याचा मूळ परवाना पाहा. झेरॉक्स नको, मूळ. त्यावर बंदुकीचा प्रकार, बोर, कारखाना आणि क्रमांक लिहिलेला असतो. हल्ली प्रत्येक परवान्याला देशाच्या सामाईक नोंदीतला स्वतंत्र ओळखक्रमांकही असतो. तो आहे ना, ते पाहा. मग विकणाऱ्यालाच बंदूक उघडायला सांगा. बारा बोराच्या बंदुकीत नळ्यांच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावर छाप आणि क्रमांक दिसतात. चापाजवळच्या लोखंडावरही बहुधा क्रमांक असतो. दोन्ही जागचे क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक एकच आहेत का? लोखंड तिथेच घासल्यासारखे, खोलगट किंवा नव्याने चमकणारे दिसते का? आकडे वेडेवाकडे आहेत का? शंका आली तर सौदा मोडा आणि पोलीस ठाण्याला कळवा. अशा गुन्ह्याची माहिती देणे हे त्याच कायद्याने कर्तव्य ठरवले आहे. त्याला चहाडी म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. एखादी बंदूक चोरीला गेली आहे काय, ते तुम्हांआम्हांला डोळ्यांनी कळत नाही. ते दप्तराला कळते. परवानाधारकाची बंदूक हरवली वा चोरीस गेली, तर त्याने ताबडतोब पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी, अशी परवान्याची अटच असते. म्हणून कायद्याने विकणाऱ्यावर बंधन घातले. त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यांना, घेणाराचे नाव-पत्ता देऊन, लेखी कळवायचे आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबायचे. लोकांना हा काळ जाचक वाटतो. पण दप्तर चाळून पाहायला, विचारणा करायला हीच तर सवड असते. जो विकणारा या पंचेचाळीस दिवसांना कबूल होत नाही, त्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर न बोलता दिले असे समजा.

वसईच्या माणसाला यात एक स्थानिक गोष्ट माहीत हवी. आपल्या तालुक्याचे दप्तर गेल्या काही वर्षांत दोनदा हलले. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपण ठाणे जिल्ह्यात होतो. त्या दिवशी पालघर जिल्हा झाला. पुढे १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. आणि जिथे पोलीस आयुक्त असतात तिथे शस्त्र कायद्यापुरते जिल्हादंडाधिकारी म्हणजे तेच. तेव्हा जुन्या परवान्यावर ठाण्याचा शिक्का दिसला म्हणून तो खोटा ठरत नाही. आणि शिक्का जुना आहे म्हणून खराही ठरत नाही. नूतनीकरण अलीकडच्या तारखेपर्यंत झाले आहे का, हे पाहणे महत्त्वाचे.

'म्हाताऱ्याची होती' या बोलण्याबद्दलही सांगायला हवे. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. परवानाधारक वारला, तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करायची आणि वारसाने आपला अर्ज करायचा. हयातीतही वय सत्तर झाले, किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षे झाली, की वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या नियमांत ती सोय आहे. ज्या घरात माळ्यावर आजोबांची बंदूक गोणपाटात गुंडाळून पडली आहे, त्यांनी हे उद्यावर टाकू नये. चोराला सोपी असते ती अशीच बंदूक, कारण गेली तरी महिनोन्‌महिने कळत नाही. आणि परवाना असला म्हणजे रानडुकरावर बार काढायची मुभा मिळाली, असेही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मुलांना घेऊन नाशिकला गेलात, तर नारोशंकराच्या घंटेवरचे साल त्यांच्याकडून वाचून घ्या. कोरलेल्या चार आकड्यांतून वसईचा वेढा कसा उलगडतो ते त्यांना दाखवा. इतिहास फक्त बखरीत नसतो, तो वस्तूंच्या अंगावरही लिहिलेला असतो, हे त्यांना कळेल. मग मोठेपणी वस्तू घेताना 'हे कुणाचे होते?' असे विचारायची त्यांना लाज वाटणार नाही.

एके काळी बंदुकीवरचा क्रमांक म्हणजे परक्या सरकारचा आपल्यावरचा डोळा होता. आज तोच आकडा सरळ माणसाची ढाल आहे. मात्र ढाल घरात असून चालत नाही, वेळेला पुढे धरावी लागते. पंचेचाळीस दिवसांनी कुणाचे पीक वाळत नाही. पण एका चुकीच्या सौद्याने घराचे नाव पोलीस दप्तरी जाते, आणि ते तिथून लवकर निघत नाही.