अमरेलीचा प्रयोग

बडोदे संस्थानातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा उल्लेख निघाला की १९०६ हे साल सांगितले जाते. वस्तुतः त्याची कसोटी १८९३ मध्येच, काठेवाडातील अमरेली तालुक्याच्या मोजक्या गावांत लागली होती. शिक्षण मोफत, मूल न पाठविणाऱ्या पालकास दंड. गुरांमागे जाणारे पोर शाळेत बसविणे हाच कुणब्याला आधी एक दंड वाटे, ही गोष्ट निराळी! तेरा वर्षांच्या अनुभवानंतर सयाजीराव महाराजांनी ही सक्ती संस्थानभर लागू केली.

१९११ मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात बडोद्याचाच दाखला दिला. तेथे शाळेच्या वयाचे ७९.६ टक्के मुलगे व ४७.६ टक्के मुली शाळेत होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानात अवघे २१.५ व ४ टक्के. दरडोई सरकारी खर्च तेथे साडेसहा पेन्स, येथे जेमतेम एक. तरीही त्यांचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले.

परंतु पटावरचे नाव म्हणजे साक्षरता नव्हे. शाळा सुटली की अक्षरेही सुटत. म्हणूनच १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना पाचारण करून महाराजांनी ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. खेड्यातील वाचनालयासाठी गावाने जमविलेल्या रकमेइतकीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार.