सकारान्त इंग्रजी नामे, मराठीतील

शेवटी ‘स’ हा ध्वनी असलेल्या इंग्रजी नामांची मराठीतील अनेकवचने व षष्ठीची रूपे. परकी शब्द मराठीत कितपत मुरला, हे या रूपांवरून समजते.

प्राचीन इंग्रजीत अनेक पुल्लिंगी नामांची षष्ठी ‘एस्’ व अनेकवचन ‘अस्’ या प्रत्ययाने होई. पुढे अंत्य स्वर क्षीण होऊन दोन्ही रूपे एक झाली. लेखनात भेद दिसावा म्हणून षष्ठीच्या ‘स’पूर्वी लोपचिन्ह देण्याची प्रथा सतराव्या शतकापासून रूढ होत गेली, अनेकवचनी षष्ठीत ते ‘स’नंतर देण्याचा संकेत त्यानंतर स्थिरावला. नाम मुळात सकारान्त असल्यास दोन सकारांमध्ये स्वर येतो. म्हणून ‘बस’चे ‘बसेस’ होते. ‘जेम्स’सारख्या विशेषनामाच्या षष्ठीत लोपचिन्हापुढे आणखी एक ‘स’ लिहावा की नाही, याविषयी इंग्रजीत आजही दोन पद्धती आहेत. मराठीत ‘जेम्सचा’ एवढे पुरते.

परकी अनेकवचने मराठीला नवी नव्हती. महाड तालुक्यातील रायगड ही शिवाजी महाराजांची राजधानी. शिवकालीन पत्रांच्या मायन्यांत ‘कारकुनानि’, ‘देशमुखानि’ अशी फार्सी अनेकवचने आढळतात. फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा रघुनाथपंडितांचा राजव्यवहारकोश त्याच काळातील होय. मायने लुप्त झाले, तशी ती अनेकवचनेही गेली. ‘कारकून’ शब्द मात्र राहिला आणि त्याची षष्ठी ‘कारकुनाचा’ अशी मराठी वळणाची झाली.

इंग्रजी अमदानीत कज्जे व कचेऱ्या यांच्याबरोबर नवे शब्द आले. महाडच्या चवदार तळ्यावरील १९२७ चा सत्याग्रह व त्यानंतरचा, १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकालात निघालेला दावा यांच्या हकिकतींत ‘पोलीस’, ‘नोटीस’, ‘केस’ हे शब्द टाळता येत नाहीत. यांपैकी ‘पोलीस’ हा ‘दिवस’प्रमाणे चालतो : अनेकवचन तेच, षष्ठी ‘पोलिसांचा’. ‘नोटीस’चे ‘नोटिसा’ किंवा ‘नोटिशी’ व ‘नोटिशीचा’, तसेच ‘सर्कस’चे ‘सर्कशी’ व ‘सर्कशीचा’ होते. येथे ‘म्हैस–म्हशी–म्हशीचा’ हे वळण स्पष्ट दिसते. याउलट ‘केसेस’, ‘नर्सेस’, ‘बसेस’ ही अनेकवचने इंग्रजीतूनच सिद्ध होऊन आली. ‘बस’ या स्त्रीलिंगी शब्दाची मराठी वळणाची संभाव्य अनेकवचने ‘बसा’ व ‘बशी’. पण पहिले आज्ञार्थी क्रियापद आहे व दुसरे भांड्याचे नाव. ही अडचण ‘बसेस’ला उपकारक ठरली असावी.

षष्ठीचा इंग्रजी प्रत्यय मात्र मराठीने घेतला नाही. ‘महाडचा’, ‘पोलादपूरचा’ या ग्रामनामांच्या रूपांप्रमाणे ‘बसचा’ हे रूप सामान्यरूपाविना होते. ‘बसेसचा’ यातही ‘म्हशींचा’प्रमाणे अनुस्वार येत नाही. म्हणजे ‘बसेस’ मराठीत अजून पाहुणाच आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर मराठीचा राज्यकारभारातील वापर वाढला आणि ‘परिचारिका’, ‘बसगाड्या’ हे पर्याय लेखनात प्रचारात राहिले. महाड–पोलादपूर मार्गावरील प्रवाशाची ‘एस्टी’ किंवा ‘गाडी’ मात्र कोणत्याही अधिनियमावाचून ‘एस्ट्या’, ‘गाड्या’, ‘गाड्यांचा’ अशी चालते. शब्द कोठला, यापेक्षा तो कोणत्या विभक्तीने चालतो, यावरच त्याचे मराठीपण ठरते.