दर्शनी मूल्य (सरकारी सुवर्णनाण्यांचे)

बाजारात खर्चण्यासाठी नव्हे, तर सोने संग्रही ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारी टांकसाळीत पाडलेल्या नाण्यावर जी चलनी रक्कम कोरलेली असते, तिला त्या नाण्याचे दर्शनी मूल्य म्हणतात. ही रक्कम धातूच्या भावाहून बुद्ध्याच फार कमी ठेवतात. १९८५ च्या कायद्यान्वये अमेरिकेने १९८६ मध्ये काढलेल्या, एक औंस (३१.१ ग्रॅम) शुद्ध सोने असलेल्या ‘ईगल’ नाण्यावर ५० डॉलर हा आकडा आला, तेव्हा तेवढ्या सोन्याला तीनशेहून अधिक डॉलर पडत होते. हा आकडा म्हणजे भाव नव्हे, याची साक्ष तीच मालिका देते: अर्ध्या औंसाचे नाणे २५ डॉलरांचे, दशांश औंसाचे ५ डॉलरांचे, पण पाव औंसाचे मात्र १० डॉलरांचेच असल्यामुळे, चार पाव-औंसी नाण्यांत औंसभर सोने भरूनही त्यांच्या दर्शनी मूल्याची बेरीज ४० वरच थांबते.

सरकारी शिक्क्याने कसाची व वजनाची हमी मिळते, हे खरे. परंतु धातूची चकती नाणे ठरते ती राज्याने तिला कायदेशीर चलनाचा दर्जा दिल्यामुळे, आणि तो दर्जा अमुक एका रकमेच्या रूपाने जाहीर करण्याची वहिवाट जुनी आहे. या दर्जाचे फळ करआकारणीत विशेष दिसते. ब्रिटनमध्ये १ पौंडाची ‘सॉव्हरिन’, म्हणजे आपल्या सराफांची गिनी, व १०० पौंडांची ‘ब्रिटानिया’ ही स्वदेशी चलन असल्याने भांडवली नफ्यावरील करातून मुक्त आहेत, लगड मात्र नाही. आकडा लहान ठेवण्यात खजिन्याचीही सावधगिरी आहे. सोन्याचा भाव दर्शनी मूल्याखाली उतरलाच, तर धातूहून अधिक रक्कम देऊन ही नाणी स्वीकारण्याचा प्रसंग त्यामुळे सहसा ओढवत नाही.

तथापि रकमेवाचून चलन होतच नाही, असे नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ‘क्रूगररँड’वर (१९६७) केवळ शुद्ध सोन्याचे वजन लिहिलेले असते, तरीही ते त्या देशाचे कायदेशीर चलन आहे.

दर्शनी मूल्य व धातू यांची सांगड जुळलेली होती, त्या काळाची खूण मुंबईत सापडते: १९१८ मध्ये लंडनच्या शाही टांकसाळीच्या मुंबई शाखेत सॉव्हरिन पाडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी तितक्याच वजनाची व कसाची १५ रुपयांची मोहरही येथे निघाली. उलट, २०१५ मध्ये भारत सरकारने विक्रीस आणलेल्या सुवर्णनाण्यावर अशोकचक्र आहे, पण रक्कम नाही. ते चलन नव्हे, हमीचे सोने आहे.