नाव, गाव, कुठून आलात?

मध्यंतरी कंपनीच्या कामासाठी दक्षिण कोरियात बुसानला जाणं झालं. बंदराचं शहर. क्लायंटने बुक केलेलं हॉटेल म्हणजे तिथे ज्याला बिझनेस हॉटेल म्हणतात ते, अर्थात स्वस्तातलं. बॅग उघडली की पाय ठेवायला जागा नाही आणि पडदा सरकवला की समोरच्या इमारतीची भिंत. काउंटरवर माणूसच नव्हता. मशीनपुढे पासपोर्ट धरला, पैसे भरले, किल्लीचं कार्ड बाहेर आलं. मी कोण, कुठला, एकटाच का आलोय, कोणी विचारलं नाही.

झोप येईना म्हणून त्याच शहराबद्दल वाचत बसलो. १६७८ पासून बुसानला जपानच्या त्सुशिमा बेटावरच्या व्यापाऱ्यांसाठी एक भिंत घातलेली वसाहत होती. व्यापार करा, राहा, पण परवानगीशिवाय भिंतीबाहेर पडायचं नाही आणि बायकांना आणायचं नाही. १८७६ च्या तहानंतर बंदर खुलं झालं तोवर हे असंच चाललं. परक्या माणसाला रात्रीपुरतं छप्पर द्यायचं, पण तो कोण हे आधी ठरवून मगच. आपल्याकडे हे कसं होतं, असा किडा तेव्हा डोक्यात शिरला. मी पडलो जळगावचा. आमच्या खानदेशाला समुद्र नाही, पण एके काळी सुरत बंदरात उतरलेला माणूस आग्र्याला निघाला की नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर करत बऱ्हाणपूर गाठायचा. म्हणजे बंदराचा रस्ता आमच्याच दारातून जात होता.

या रस्त्यावरच्या मुक्कामाबद्दल बऱ्यापैकी सविस्तर लिहून ठेवणारा एक गिऱ्हाईक म्हणजे इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो. १६१५ च्या नोव्हेंबरात तो सुरतेहून जहांगीर बादशहाच्या भेटीला निघाला. त्याचं मत असं की सुरत ते बऱ्हाणपूर सगळा मुलूख ओसाड, गावं मातीची, आणि माणसाला विसावा घ्यायला एक धड घर नाही. बऱ्हाणपुरात कोतवालाने त्याला इतमामाने एका सराईत नेलं. दर्शनी भाग दगडी, दिसायला छान. आत गेला तर वाट्याला आलेल्या चार खोल्या भट्टीएवढ्या, वरून गोल, भिंतीत विटांनी बांधलेल्या. साहेब वैतागले आणि स्वतःच्या तंबूत राहिले. फोटोत लॉबी भारी आणि आत गेल्यावर रूम अशी, हा अनुभव आपल्याला ऑनलाइन बुकिंगमुळे येतो असं वाटत असेल तर चारशे वर्षांपूर्वीचा हा रिव्ह्यू वाचावा :)

पण रोजवळ तंबू होते, नोकर होते, बादशाही परवाना होता. प्रश्न आहे तो तंबू नसलेल्यांचा.

१८१८ ला पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं. बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलावून पेठ वसवली. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जायचा, पुढे शिरपूर, मग सेंधव्याचा घाट. नंतर रेल्वे आली, १८६० च्या दशकात जळगाव-भुसावळ मुंबईला जोडले गेले. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दलाल, अडते, जिनिंगवाले, सगळे फिरतीवर. मग झोपायचे कुठे हे लोक?

गॅझेटियर चाळलं (खानदेशचा खंड १८८० चा आहे) की त्या काळची उतरंड दिसते. गोऱ्या प्रवाशांना ट्रॅव्हलर्स बंगला. फिरतीवरच्या अंमलदारांना सरकारी बंगला. आणि 'नेटिव्ह' प्रवाशांना धर्मशाळा. याशिवाय ज्याच्या-त्याच्या ज्ञातीच्या वाड्या, पेढ्यांच्या माड्या, मंदिरांच्या ओवऱ्या. व्यापारी माणूस परगावी गेला की आपल्या जातीच्या घरी किंवा जातीच्या धर्मशाळेत उतरायचा. ओळख निघायची, जेवण घरच्यासारखं मिळायचं, उधारीची हमी मिळायची. आपल्याकडे धर्मशाळेबद्दल बोलताना लोकांचा गळा दाटून येतो. पुण्यकर्म, पांथस्थ, दानशूर शेठजी वगैरे. खोटं नाही ते. कित्येकांनी खरंच पदरमोड करून बांधल्या. पण त्या ओट्यावर पाय ठेवायच्या आधीचा प्रश्न 'कोण तुम्ही?' हा असायचा, आणि त्याचं उत्तर नावाने भागत नसे. माझं मत विचाराल तर फुकट धर्मशाळेपेक्षा पैसे मोजून मिळणारी रुक्ष खोली हा माणुसकीच्या दृष्टीने मोठा शोध आहे. तिला तुमच्याकडून फक्त भाडं हवं असतं. निदान तसं असायला हवं.

आता मुद्द्यावर येतो.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. चवदार तळ्याच्या संदर्भात हा ठराव आपण शाळेत वाचलेला असतो, आणि म्हणून तो पाण्याचा ठराव म्हणून लक्षात राहतो. पण त्यात पाणवठे आणि विहिरींच्या बरोबरीने सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धर्मशाळा आहेत. अस्पृश्यांना तिथे मज्जाव करू नये, असं. म्हणजे मज्जाव होत होता. ठराव झाला, पण आमच्या भाषेत सांगायचं तर कोड रिलीज झालं, सर्व्हरवर कोणी टाकलंच नाही. १९२६ मध्ये बोल्यांनाच पुन्हा ठराव आणावा लागला की जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचं अनुदान रोखा.

आणि मग १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारने आधीच एक समिती नेमली होती. त्यात डॉ. आंबेडकर होते. वाटून घेताना त्यांच्याकडे आणि आणखी एका सभासदाकडे खानदेशचे दोन जिल्हे आले, पूर्व आणि पश्चिम. काम उरकून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळे लाईनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता त्याची चौकशी करायची होती. (चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० साली सुरू झालेला. ज्यांनी त्या पॅसेंजरने प्रवास केलाय त्यांना वेगळं सांगायला नको.) चाळीसगावच्या महार मंडळींनी स्टेशनवरच गळ घातली, एक रात्र आमच्याकडे मुक्काम करा. ते हो म्हणाले, गावाला जाऊन चौकशी केली, पुढच्या गाडीने परत आले.

स्टेशनवर हार घालून स्वागत झालं. महारवाडा दोनेक मैलांवर, मधे नदी, नदीवर फरशी. बाहेर भाड्याचे टांगे भरपूर. तरी तासभर कोणी हलेना. का थांबवलंय हे त्यांना कळेना. शेवटी एक टांगा आला. आत ते आणि हाकणारा, दोघेच. बाकीचे जवळच्या वाटेने पायी. दोनशे पावलं गेले नाहीत तोच टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीला कठडे नव्हते, कडेला अंतराअंतरावर नुसते दगड. त्यातल्या एकात चाक अडकलं. आंबेडकर फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत. पाय मोडला, बरेच दिवस अंथरुणावर होते.

खुलासा नंतर झाला. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्याने पायी चालत जावं हे यजमानांना मानवेना. मग तोड निघाली: टांगा भाड्याने देतो, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. यजमानांपैकीच एक जण बसला, ज्याने जन्मात टांगा हाकला नव्हता.

लक्षात घ्या, हा माणूस तेव्हा कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेला बॅरिस्टर आहे, कौन्सिलचा सभासद आहे आणि सरकारच्या समितीवर आलाय. खिशात टांग्याचं भाडं आहे. आणि भाडं चालत नाहीये. पैसे घेणाराच म्हणतोय की तुझे पैसे चालतील, तू चालणार नाहीस. टांगेवाल्याने पैसे सोडलेही नाहीत, हे विशेष.

हा प्रसंग त्यांनी स्वतः आठवणीत लिहून ठेवलाय, आणि त्याच्याच आधी बडोद्याचा आहे, तो तर थेट हॉटेलचाच. १९१७ ला बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले तर राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. एक पारशी खानावळ सापडली, पण ती फक्त पारशांसाठी. चालवणाऱ्याला गिऱ्हाईक हवं होतं. दिवसाला दीड रुपया ठरला आणि वहीत पारशी नाव लिहायचं ठरलं. वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या, अडगळीने भरलेल्या हॉलमध्ये एकटे राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. त्या संध्याकाळी कुठेही जागा न मिळाल्यामुळे त्यांनी बडोदा सोडलं. आपल्याला 'बडोदा संस्थान' म्हटलं की सयाजीराव आणि त्यांची शिष्यवृत्ती आठवते. तीही खरी. पण महाराजांची शिष्यवृत्ती मिळू शकत होती आणि दीड रुपयाची खोली मिळू शकत नव्हती, हेही त्याच बडोद्याचं.

पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे जरा विचित्र वाटलं होतं. एवढ्या मोठ्या दस्तऐवजात हॉटेल कशाला? १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात तर धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना अशी नावं घेऊन यादीच आहे, आणि तिथली भांडीकुंडी वापरण्याचाही हक्क वेगळा लिहिलाय. चाळीसगाव आणि बडोदा माहीत असले की ही यादी कोरडी वाटत नाही.

आमच्या लहानपणीचं जळगाव हे लॉजचं जळगाव. स्टेशनबाहेर पडलं की 'बोर्डिंग अँड लॉजिंग'च्या पाट्या. गिऱ्हाईक ठरलेलं: सोनं घ्यायला आलेले, केळीचे व्यापारी, पाईप आणि ठिबकवाले, एमआर मंडळी. भिंतीला चुना, 'गरम पाणी सकाळी ६ ते ९', खाली शेवभाजीचा वास. आणि काउंटरवर ते लांबलचक रजिस्टर. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, कामाचं कारण. या चौकशीमागे जुनी सरकारी सवय आहे. १८६७ च्या सराई कायद्याने प्रत्येक सराईची नोंद जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे करणं भाग पाडलं होतं. सराईत कोण उतरतंय यात सरकारला तेव्हापासून रस आहे.

आता रजिस्टरची जागा आधारच्या झेरॉक्सने घेतलीय. जातीचा रकाना नाही. पण पूर्ण नाव असतं, आणि आपल्याकडे पूर्ण नावात काय काय वाचता येतं हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या एका मुसलमान सहकाऱ्याला एका शहरात (खानदेशातलं नाही, नाव घेत नाही) बुकिंग कन्फर्म असताना आयडी बघितल्यावर 'सॉरी सर, रूम फुल आहे' असं सांगण्यात आलं. मागून मी गेलो, मला मिळाली. लग्न न झालेली जोडपी, एकटी बाई, गावातलाच पत्ता असलेला माणूस, यांना नाही म्हणणारी काउंटरं तर तुम्हीही पाहिली असतील. बुसानचं ते मशीन मला आधी माणूसघाणं वाटलं होतं. त्याने माझं आडनाव वाचलं, पण त्याला त्यातून काहीच कळलं नाही!

एक राहिलं. धुळ्याहून मालेगावकडे निघालं की लळिंगचा किल्ला लागतो, फारुकींचा. त्याच्या कुरणात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ ला, कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते. चाळीसगावच्या त्या रात्रीनंतर आठ वर्षांनी. तेवढ्या मुक्कामाची आठवण म्हणून दर वर्षी ३१ जुलैला तिथे लोकांची यात्रा भरते. भर पावसाळा, हिरवंगार कुरण आणि तुडुंब गर्दी. यंदा जायचा विचार आहे. धुळ्याचा मित्र म्हणतो, मुक्काम करणार असशील तर रूम आधीच सांगून ठेव भो, ऐनवेळी मिळायची नाही.